यंत्राला सापडलेलं दुसरं माणूस

मागच्या हिवाळ्यात माझ्या छातीवर एक यंत्र टांगण्यात आलं. डॉक्टरांनी नव्हे, माझ्या मुलीनं.

हृदय माझं ठणठणीत आहे. (हे मी म्हणत नाही, उमरग्याचे डॉक्टर म्हणतात, आणि तेही जरा नाराजीनंच.) मुलीला तपासायचं होतं माझं बोलणं. जन्मभर मुरुमच्या शाळेत मराठी शिकवून मी पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. म्हातारपणी मलाच तोंडीला बसवलं!

वैजू, माझी धाकटी, पुण्यात एका संशोधन प्रकल्पात काम करते. माणसं भाषा कशी शिकतात, कशी वापरतात आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकून त्याच्याबद्दल काय मत करून घेतात, हे शोधायला तिथं भाषावाले, मानसशास्त्रवाले, मेंदूवाले आणि कॉम्प्युटरवाले एका छपराखाली बसतात. याला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. (हे एका दमात म्हणून झालं की घोटभर पाणी प्यावं.) वेगवेगळ्या विषयांची विद्वान माणसं एका खोलीत बसली की काय होतं, याची मला कल्पना आहे. आमच्या शाळेत स्टाफरूम होती.

संक्रांतीला आलेली वैजू जाताना काड्यापेटीएवढं ते यंत्र माझ्या गळ्यात अडकवून म्हणाली, "बाबा, काहीच करायचं नाही. दोन दिवस हे घालून नेहमीसारखं राहायचं, नेहमीसारखं बोलायचं. वयस्कर माणसं दिवसभरात किती बोलतात, कुणाशी, कोणत्या भाषेत, एवढंच बघायचंय."

"आणि हे ऐकणार कोण?"

"मीच की!"

खरी पंचाईत झाली ती इथं. त्याचं कारण असं, की वैजूची आई गेल्यापासून मी घरात एकटाच. आमचा प्रमोद, म्हणजे वैजूचा थोरला भाऊ, पुण्यात फ्लॅट घेऊन राहतो. फोन केला की तो एकच विषय काढतो. "बाबा, तिथं बोलता कुणाशी तुम्ही? चला इकडं." मी एकदा महिनाभर राहून आलोय. तिथं माणसाला नाव नसतं, फ्लॅट नंबर असतो. म्हणून मी प्रत्येक वेळी ठणकावून सांगायचो, "अरे, माझ्याकडं दिवसभर माणसांचा राबता असतो! बोलून बोलून घसा बसतो माझा!"

आता त्या राबत्याचा पुरावा माझ्या छातीवर हिरवा दिवा लावून बसला होता. त्यात नुसती शांतता भरून गेली, तर प्रमोद बॅग घेऊन हजर होणार, हे सांगायला संशोधन नको होतं.

पहिल्या दिवशी सकाळी उठलो, चहा केला, पेपर वाचला, चष्मा शोधला, भात टाकला. दुपारी ध्यानात आलं, की आपण अजून एका शब्दासाठीही तोंड उघडलेलं नाही! ताबडतोब इस्त्रीचा शर्ट चढवला आणि माणसं गोळा करायला निघालो.

पहिला मान शेजारच्या हमीदभाईंचा. आमच्या दोघांच्या घरात भिंत एकच. शिवणकाम करून डोळे अधू झाले म्हणून हल्ली ते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या माणसांची मापं नुसत्या नजरेनं घेत असतात. मला बघून खूष झाले.

"आओ सर! आज इधर कैसे? लई दिवसांनी!"

आता अडचण अशी, की वैजूनं एक नियम बजावला होता. ज्याच्याशी बोलाल त्याला यंत्राची कल्पना आधी द्यायची. त्याला नको असेल तर बटण दाबून बंद करायचं. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "हमीदभाई, हे आपलं बोलणं टेप करतंय बरं का. चालेल ना?"

हमीदभाईंनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मेरेकू नक्को बाबा वो मशीन."

"अहो, काही धोक्याचं नाही."

"धोका नै, मालूम है. पन नक्को. चाय पियो."

मग आम्ही यंत्र बंद करून, समोरासमोर बसून, एक शब्द न बोलता चहा प्यायलो. कारण यंत्र बंद असताना बोलणं म्हणजे माझ्या लेखी माल फुकट घालवणं होतं!

तिथून बाळूच्या सलूनमध्ये गेलो. बाळू हा मुरुममधला सर्वांत बोलका माणूस. वस्तरा गळ्यावर ठेवून तो राजकारण बोलतो, त्यामुळं त्याच्याशी सगळ्यांचं पटतं. त्याला यंत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "चालतंय की सर, भ्यायचं काय त्यात?" आणि पुढं अवाक्षर काढलं नाही. गिऱ्हाइकं आरशातून माझ्या छातीकडं बघत होती. कात्रीचा कचकच आवाज तेवढा चालू. शेवटी मीच म्हटलं, "बाळू, बोल की काहीतरी."

बाळूनं घसा खाकरला. "सर... आपली प्रकृती कशी आहे?"

'आपली'! जो माणूस मला 'सर, मान खाली घाला, नाय तर कान जाईल' असं सांगतो, तो माझी प्रकृती विचारत होता. डोक्यावर केस मुळात बेताचे. तेही त्या दिवशी पूर्ण शांततेत कापले गेले.

घरी आलो. यंत्रात भरली होती ती बाळूची दोन वाक्यं आणि त्याची कात्री. पुण्याच्या फ्लॅटमधली ती माझी खोली, तिची ती पांढरी भिंत, मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

पण मी आमच्या गावाला ओळखण्यात कमी पडलो. छातीवर दिवा लावलेला माणूस दारोदार फिरून 'बोला, बोला' म्हणतोय, याचा अर्थ मुरुममध्ये एकच होतो. सर्व्हे आला!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट वाजलं. गंगूअक्का. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. हातात कॅरीबॅग, बॅगेत घरकुलाची फाईल. ओट्यावर बसल्या, पदर सावरला आणि माझ्या तोंडाकडं न बघता सरळ छातीशी बोलायला लागल्या, "साहेब, माझं नाव यादीत हाय, पर पैसा यीना."

"अक्का, हे सरकारी यंत्र न्हाय."

"असू द्या की. सरकारी यंत्रानं तरी कधी आयकलंय?"

दुपारपर्यंत ओटा भरला. नळाला पाणी नाही, विजेची डीपी जळाली, गटार तुंबलं. एकानं आधी यंत्रावर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" केलं. दुसऱ्यानं "व्यासपीठावरील मान्यवर" अशी सुरुवात केली. (व्यासपीठ म्हणजे मी.) माझा एक जुना विद्यार्थी, ज्याला शाळेत कधी एक ओळ धड वाचता आली नाही, तो माझ्या वरच्या गुंडीला उद्देशून म्हणाला, "तरी आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती." वैजूच्या प्रकल्पाला हवी होती लोकांची रोजची बोली. आम्ही तिला तालुक्याचं निवेदन पाठवत होतो!

मधे मधे मी आपला प्रयत्न केला. "काय रे, आई कशी आहे तुझी?"

"सर, थांबा की जरा. रेकॉर्डिंग चालू हाय."

माणसांनी ओटा गच्च भरलेला आणि सगळी माझ्या छातीशी बोलतायत. मान वर करून माझ्याशी कुणी बोलेना. दिवा विझला तशी गर्दीही विझली. चहाचे कप विसळताना मला वाटलं, चला, राबता तर सिद्ध झाला! यंत्र पुण्याला रवाना केलं आणि निर्धास्त झालो.

आठवड्यानं वैजूचा फोन आला. आवाज दबका.

"बाबा, सकाळी घरात कोण असतं?"

"कोण असणार? मी."

"आणखी?"

"पाल."

"बाबा, चेष्टा नको. मी अजून ऐकलेलं नाही, आधी कॉम्प्युटर आवाज वेगळे करतो. ओट्यावरची माणसं वेगळी निघाली. पण तो म्हणतोय, या घरात राहतात दोन माणसं. एक पुरुष, मराठी बोलणारा. दुसरा आवाज पातळ आहे, चढा आहे आणि कन्नड बोलतो."

"तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय."

"बाबा, कोण आहेत त्या?"

'त्या'! मी फोन ठेवला. लगेच प्रमोदचा आला. "बाबा, मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. माझी हरकत नाही. फक्त आधी सांगायला पाहिजे होतं." मी काही बोलायच्या आत सूनबाईंनी फोन घेतला. "बाबा, त्यांना साडी कोणत्या रंगाची आणू?"

रविवारी दुपारी गाडी दारात उभी राहिली. प्रमोद, सूनबाई, वैजू, तिचा लॅपटॉप आणि एक साडी. (मोरपंखी.) माझ्या पाया पडून प्रमोद जो आत गेला, तो सरळ न्हाणीत, दुसरा टूथब्रश शोधायला. सूनबाईंनी स्वयंपाकघरातली ताटं बघितली. मी ओट्यावरून ओरडलो, "अरे, हमीदभाईंना विचारा! भिंतीला भिंत आहे त्यांची. घरात कुणी असतं तर त्यांना कळलं नसतं का?"

हमीदभाई आले. माझ्या चारित्र्याचा एकमेव साक्षीदार. प्रमोदनं विचारलं, "चाचा, खरं सांगा. आमच्या घरातून बाईचा आवाज येतो?"

"हौ," हमीदभाई शांतपणे म्हणाले. "रोज आता है. मैं समझा टीवी है."

आमचा टीव्ही कधीचा बंद पडलाय, हे हमीदभाई सोडून तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"बाबा, परवानगी द्या," वैजू म्हणाली. "ऐकूनच टाकू."

तिनं लॅपटॉप उघडला. आधी भांड्यांचा आवाज आला. मग मी, कुरकुरत: "चष्मा कुठं गेला आता?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज, वरच्या पट्टीत, "अल्ले इट्टीरी, नोड्री!" तिथंच ठेवलाय की, बघा! मग पुन्हा मी, "हां, सापडला." थोड्या वेळानं दुसरा आवाज, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का? "नाही अजून," मी. मग पेपरातल्या बातमीवर माझं लांबलचक भाषण, आणि त्यावर, "साक माड्री!" पुरे करा!

दोन्ही आवाज माझेच होते.

आमची ही, म्हणजे पोरांची आई, आळंदकडची, कर्नाटकातली. मुरुमला सून म्हणून आली, गावाशी मराठी बोलली, पोरांना मराठीतून वाढवलं. माझ्यावर रागवायचं असलं की मात्र कन्नड. मला ती भाषा कुणी शिकवली नाही. ती माझ्यावर ओतली गेली. त्यामुळं कन्नडमध्ये मला रस्ता विचारता येत नाही, वांगी विकत घेता येत नाहीत. मला त्या भाषेत फक्त माझ्यावर रागवता येतं. आणि ते मी रोज मोठ्यानं करतो, हे मला त्या यंत्रानं सांगितलं.

वैजूनं तोंडावर हात धरला होता. प्रमोद पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

"भाभी की टोन है वो," हमीदभाई हळूच म्हणाले आणि टोपी नीट केली.

मग प्रमोद उठला, कपाटावरची बॅग खाली काढली. "झालं. आता मी काही ऐकणार नाही. बाबा, कपडे भरा."

"दादा, एकटी माणसं मोठ्यानं बोलतात," वैजू म्हणाली. "आजार नाही तो."

"आईच्या आवाजात?"

बॅगेत माझा इस्त्रीचा शर्ट पडला. मग टॉवेल. तेवढ्यात वैजूनं वहिनीला विचारलं, "तुमच्याकडं महिनाभर होते, तेव्हा बोलायचे का असे?"

सूनबाई विचारात पडल्या. "नाही बाई. तिथं अगदी गप्प असायचे. आम्हाला वाटायचं, मजेत आहेत."

प्रमोदचा हात टॉवेलवर थांबला. मग त्यानं टॉवेल बाहेर काढला, शर्ट खुंटीला लावला, बॅग कपाटावर ठेवली आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "जेवायला काय आहे?"

मंडळी संध्याकाळी निघाली. साडी गंगूअक्कांना दिली. (घरकुलाचं होईल तेव्हा होईल.) गाडीत बसताना वैजू म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरची चूक मी दुरुस्त करते हं. घरात माणूस एकच, असं लिहिते."

मी म्हटलं, "तुझ्या अहवालात कर. माझ्याकडं राहू दे आहे तशी."

तेव्हापासून आम्ही दोघं इथं राहतो. आमची भाषा वेगळी, पट्टी वेगळी, रोज भांडण. पण या घरातला गडीमाणूस काही कामाचा नाही, यावर मात्र दोघांचंही एकमत आहे.