रोलरला सरकायला जागा

माझ्या धाकट्या दिरांनी बंद केलेला नळ त्यांच्याशिवाय कोणाला उघडता येत नाही. भाऊजी येऊन गेले की मला नळाला फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी पिळावा लागतो. माझे यजमान म्हणायचे, "ह्यानं आवळलेलं ह्या जन्मी सुटायचं नाही." भाऊजींना ती स्तुतीच वाटायची.

ते एका मोठ्या लाँड्रीत फिटर आहेत. विशीत तिथे लागले, तेव्हा उस्तादांनी त्यांच्या मनावर बिंबवलं की यंत्र खडखडलं तर फिटरची अब्रू गेली. तेव्हापासून सैल दिसेल ते आवळायचं, हा त्यांचा धर्म झाला. माझी जाऊही तिथेच कामाला. वाफेवर तापणारा भलामोठा रोलर असतो, त्याखाली इस्पितळांच्या ओल्या चादरी सरकवायच्या. पलीकडून त्या इस्त्री होऊन निघतात. ती म्हणते, "माझी ओळख आधी रोलरशी झाली, ह्यांच्याशी नंतर. रोलरचा स्वभाव बरा आहे."

त्याच रोलरनं यंदा दोघांची झोप उडवली. ज्यावर तो फिरतो त्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन बेअरिंग, म्हणजे एकात एक दोन कडी आणि मध्ये गोळे नाहीतर कांड्या. वर्षानुवर्षं चालून ती झिजली, तेव्हा भाऊजींनी नवी आणली. जुन्यांपैकी एकाच्या आतल्या कड्याला काठच नव्हते. झिजून गेले असतील, नाहीतर माल हलका असेल, असं समजून त्यांनी दोन्हीकडे जाड काठांची, भक्कम घेतली आणि झाकणं गच्च आवळली. थोड्याच दिवसांत ती जळाली. मग आणखी भक्कम आणली. तीही जळाली.

मालकीणबाई रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाल्या, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर भंगारवाला येऊन रोलर घेऊन जाईल, चादरी आपण बाहेर देऊ." म्हणजे माझी जाऊ आणि तिच्यासोबत चादरी लावणाऱ्या बायका घरी बसणार. त्यांतल्या एकीच्या कमाईवर तर सगळं घर चालतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं माझ्याकडे आली. भाऊजींनी माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि जळालेली बेअरिंग मांडली. मी चहा ठेवला.

"वहिनी, हे बघा. डावीकडच्याचे गोळे बाहेरच्या काठावर घासलेत. उजवीकडच्याचेही बाहेरच्याच."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आतून कोणीतरी दोन्हीकडे ढकलतंय."

"कोण ढकलणार?" जाऊ म्हणाली. "सकाळी तर शहाण्या बाळासारखा फिरतो. वाफ चढली की कण्हायला लागतो. केव्हाची सांगतेय मी. पण बायकोचं ऐकलं तर फिटरकी जाते ना!"

"मला वाटलं, गरम होऊन ग्रीस पातळ होत असेल. म्हणून मी दाट ग्रीस…" भाऊजी मध्येच थांबले. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

"लांब होतो तो," ते म्हणाले. "तापला की लांब होतो. आणि मी त्याला दोन्हीकडून खिळवून ठेवलंय. बिचाऱ्यानं जायचं कुठे?"

लोखंड तापलं की वाढतं, हे आमच्या शाळेत सिस्टरनी गोळा आणि कडं दाखवून शिकवलं होतं. मला ते पाठही होतं, पण टेबलावरची बेअरिंग बघून ते आठवलं नव्हतं.

"जुन्याला काठ नव्हते ते झिजून नाही," भाऊजी म्हणाले. "मुद्दामच नव्हते."

"मग आवळायचं नाही तर," जाऊ म्हणाली. "जमेल का तुम्हाला?"

दोघं तशीच उठून बेअरिंगच्या दुकानात गेली. तिथलं वर्णन मला जाऊनं हसत हसत सांगितलं. एका टोकाला गोळ्यांचं पक्कं बेअरिंग घ्यायचं ठरलं. ते शाफ्टला जागेवर धरणार. दुसऱ्या टोकासाठी दुकानदारानं गोळ्यांऐवजी छोट्या कांड्यांचं काढलं. आतल्या कड्याला काठ नाहीत, त्यामुळे शाफ्टला मागेपुढे सरकता येतं. भाऊजींनी ते हातात घेतलं, तर आतलं कडं घसरून तळहातावर आलं. त्यांचा चेहरा पडला.

"हे निसटतंय हो!"

"निसटायलाच नेताय ना?" दुकानदार म्हणाला.

शनिवारी मी मुद्दाम लाँड्रीत गेले. भाऊजींनी सरकत्या टोकाला, बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी घराला लागून, शाफ्टवर खडूची रेघ ओढली होती. वाफ सोडली. बायका चादरी लावू लागल्या, पण सगळ्यांचे कान रोलरकडे. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बेअरिंगच्या बाजूला मोकळी जागा दिसली तशी त्यांनी विचारलं, "इथे फट राहिली का?"

"राहिली नाही, ठेवलीय," भाऊजी म्हणाले. हे बोलताना त्यांना घाम फुटला होता.

रोलर पुरता तापला. इतर दिवशी याच वेळेला कण्हणं सुरू व्हायचं. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं बराच वेळ ऐकत राहिले. बायकांचे हात थांबले. मग त्यांनी ती मूठ माझ्या कानाला लावली. आत एकसारखी, मऊ घरघर होती. मांजर मांडीवर झोपल्यावर करतं तशी.

"रेघ बघा!" एक बाई ओरडली. खडूची रेघ घराला सोडून नखभर बाहेर आली होती. रोलर वाढला होता, आणि कोणाला न दुखवता सरकला होता.

जिच्या कमाईवर घर चालतं ती बाई मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. मालकीणबाईंनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "आज येऊ नका. नाही, उद्याही नको. आमचा विचार बदलला."

भाऊजी रेघेकडे बघत तिथेच उभे. त्यांचा हात सवयीनं पान्याकडे जायला लागला.

"अहो, बाजूला व्हा," जाऊ म्हणाली. "चादर लावू द्या."

ते झाले बाजूला. धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. एरवी त्या ढिगावर कोणी टेकलं तरी मालकीणबाई बोलतात. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.