माझ्या जागेवरचा रुमाल

मैत्रिणींनो, आज स्वतःचाच राग आलाय.

भोर डेपोत संध्याकाळच्या एसटीला लई गर्दी असते. वर्षभर एक जण खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचा. मी बसले की रुमाल उचलून स्वतः मागं उभा राहायचा. बोलला कधीच नाही. मला सगळं कळत होतं, तरी मी भाव खात राहिले.

काल रुमाल नव्हता, आजही नव्हता. कंडक्टरकाकांना त्याच्याबद्दल विचारलं.

"पोरी, तुला म्हाईत न्हाई व्हय? परवा हायवेला टेम्पोनं उडवलं त्याला. बाहेर फ्लेक्स लागलाय बघ."

त्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मी त्याचं नाव पहिल्यांदा वाचलं.

गावी कामथडीपर्यंत उभ्यानंच आले.

तुमच्यासाठी कुणी न बोलता जागा धरत असेल, तर त्याचं नाव तरी विचारलंय का तुम्ही?