गावजेवणातला पाव

विंझरचा चिमाजी भोरच्या शाळेतून मॅट्रिक झाला आणि मुंबईच्या मिशन कॉलेजात गेला, तेव्हा गावानं त्याचं तोंडभरून कौतुक केलं. ते दिवाळीपर्यंतही टिकलं नाही. आमच्या गावाला कौतुक फार दिवस पचत नाही.

कॉलेजच्या मोठ्या पाद्रीसाहेबांनी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हे वर्ष पुन्हा मिळायचं नाही, तेव्हा कशालाच नाही म्हणू नका. असलं बोलणं बाकीची पोरं ऐकून सोडून देतात. चिमाजीनं मनावर घेतलं. तो हॉकी खेळला, गुडघे फोडून घेतले. वादसभेत बोलताना त-त-प-प झालं, तरी पुढच्या वेळी पुन्हा उभा राहिला. रविवारच्या प्रार्थनेत गायला, कारण तिथली पेटी त्याला फार आवडायची. पाद्रीसाहेबांच्या टेबलाशी बसून पावही खाल्ला. धर्म बदलायचं त्याच्या डोक्यात नव्हतं, आणि साहेबांनीही तो विषय कधी काढला नाही.

पण शेजारच्या मार्गासनीचा मानसिंग तिकडे गिरणीत होता. त्यानं चिमाजीला चर्चमधून बाहेर पडताना पाहिलं. नाताळच्या सुट्टीत चिमाजी घरी पोचायच्या आत बातमी विंझरला पोचली, की पोरगा पाव खाऊन बाटला.

नेमकं तेव्हाच नव्या भाताचं गावजेवण होतं. मळणी झाली की देवीच्या देवळात आधी मानकरी जेवतात, मग उरलेलं गाव. तिथून ज्याला उठवलं त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, सोयरीक तर दूरच. चिमाजीचे वडील हरिबा स्वभावानं भित्रे. त्यांनी पोराला बजावलं, की पंगतीतून उठवलं तर कॉलेज संपलं, उद्यापासून नांगर धरायचा. चिमाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

मानकरी जेवून उठले. दुसरी पंगत बसली, चिमाजीही बसला. शेजारचे दोघे आपापली पत्रावळ उचलून लांब सरकले. वाढपी थबकले. नुकतेच जेवून उठलेल्या रखमाजी पाटलांनी सगळ्यांदेखत विचारलं, पाव खाल्लास का? नाही म्हणायला काय जात होतं? मला अजून त्याचा राग येतो. तो सरळ हो म्हणाला.

"मग ऊठ," पाटील म्हणाले.

तो उठायला लागला, तेवढ्यात चुलीपासून त्याची आई भागूबाई पुढं आली. भात रांधायची पाळी त्या वर्षी तिची होती. हात पदराला पुसत ती पाटलांसमोर उभी राहिली.

"पाटील, पोरानं माझ्यासाठीबी पाव आणला व्हता. सकाळी म्या खाल्ला, आन् मंग ह्यो भात रांधला. तुमी तर जेवून बसलाय. आता कुणाकुणाला उठवायचं?"

पाटील बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मानकऱ्यांपैकी एकानंही त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

"वाढा," शेवटी ते म्हणाले.

सुट्टी संपली. चिमाजी मुंबईला निघाला, तेव्हा भागूबाई त्याला ओढ्यापर्यंत सोडायला गेली. इतके दिवस मनात होतं ते तिथं त्यानं विचारलं, की आई, मी तर पाव आणलाच नव्हता.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पुढल्या येळेला आण. देवीम्होरं खोटं बोलले म्या. तेवढं खरं करायचंय."