चौकटीचे पंधरा मिलिमीटर

मिलिमीटरकाकूंनी ऑफिसातल्या नव्या संगणकावर उकळता चहा ओतला, ही बातमी बुधवारी संध्याकाळी त्यांच्या राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरून निघाली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्यात पोलीसही आले. चहाबिहा काही नव्हता. काकूंनी चालू छपाईत मोठ्या प्रिंटरची वायर उपटली होती, एवढंच. पोलीस बहुधा दुसऱ्या मजल्यावर बातमीत चढले असावेत.

काकूंना हे नाव उगाच पडलेलं नाही. शेजारणीच्या भिंतीवरचा आरसा तिरका दिसला, तरी त्यांचा हात पर्समधल्या टेपकडे जातो. काका सांगतात, "हिनं आधी माझी उंची मोजली, मग लग्नाला हो म्हणाली."

लोखंडी दारं आणि चौकटी करणाऱ्या कंपनीत काकू बावीस वर्षं ड्रॉइंग काढतात. सोमवारी तिथं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बदललं. काकूंनी जुनी फाइल उघडली. बारा वर्षांपूर्वीची चौकट, आता त्याच मापाच्या साठ हव्या होत्या. रुंदी हवी नऊशे पंधरा. पडद्यावर होती नऊशे.

हे पंधरा मिलिमीटर कुठं गेले ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी गिऱ्हाइकानं ऐनवेळी चौकट रुंद मागितली. नियमानं सगळं ड्रॉइंग ताणून नीट करायचं. काकूंनी घाईत रेघा तशाच ठेवल्या, फक्त आकडा पुसून नवा टाइप केला. कारखान्यात रेघेला पट्टी कोण लावतंय? आकडा वाचतात आणि कापतात. दार झोकात बसलं. मग काय, एकदा पचलं की दुसऱ्यांदा हात आपोआप वळतो. नवं सॉफ्टवेअर मात्र फाइल उघडताच प्रत्येक रेघ स्वतः मोजून आकडा लिहीत होतं. अशी आपली ड्रॉइंगं किती, हे काकूंनी मोजलं नाही. मोजायचं टाळण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

काकू ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या मास्तरांकडे गेल्या.

"मास्तर, जुनं सॉफ्टवेअर परत घाला की. याला जुन्या फायली झेपत नाहीत."

"काय बिघडलं?"

"आकडे बदलतात."

"काकू, ते मोजून लिहितं. जेवढी रेघ तेवढा आकडा. तुमची रेघ बरोबर असेल, तर बदलेल कशाला?"

काकू "बघते" म्हणाल्या आणि जिन्यावरून दोनदा उगाच खालीवर करून आल्या. गप्प बसलं तर साठ चौकटी अरुंद होणार, आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटणार. म्हणजे आपण सुटलो. बोललं तर बावीस वर्षांचं नाव मातीत.

मंगळवारी संध्याकाळी घरी त्यांनी तीच खुर्ची चार वेळा हलवली. काका पेपरामागून म्हणाले, "बसायचंय की खुर्चीला फिरवून आणायचंय?"

"बारा वर्षांपूर्वीची चूक आज कुणी काढली, तर ती चूक म्हणायची का हो?"

"कुणाची?"

"आहे एक बाई ऑफिसात."

"मग त्या बाईला सांग, जेवून घे. सकाळपासून उपाशी दिसतेय."

काकूंनी दोन घास गिळले आणि पुन्हा खुर्ची हलवली.

बुधवारी अकरा वाजता मास्तरांनी साठ चौकटींचं ड्रॉइंग कारखान्यासाठी छापायला सोडलं. काकूंनी ठरवलं होतं, आपण आपल्या जागेवर मान खाली घालून बसायचं. कागद बाहेर सरकू लागला. आधी कोपरा आला, मग बिजागरीची जागा, मग तो नऊशेचा आकडा, ठळक, निर्लज्ज. काकू उठल्या कधी ते त्यांनाही कळलं नाही. वायर हातात आली तेव्हा सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघत होतं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय?"

"हे माप चूक आहे. नऊशे पंधरा पाहिजे."

"सॉफ्टवेअर चुकलं?"

मास्तर चष्मा पुसत उभे होते. काकूंना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दोन क्षण त्यांनी तो 'हो' जिभेवर घोळवलाही.

"नाही. ते बरोबर मोजतंय. मी रेघ न बदलता वरचा आकडा बदलला होता. याच नाही, बऱ्याच फायलींत. कोणत्या, ते माझ्या लक्षात आहे. मी बसून एकेक नीट करते. तोवर एकही जुनं ड्रॉइंग कारखान्यात जाऊ देऊ नका."

साहेबांनी तो अर्धवट कागद ओढून काढला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला खोटी ड्रॉइंगं देत होता?"

काकूंनी वायर टेबलावर ठेवली.

"रेघ खोटी होती साहेब, आकडा खरा होता. आणि दार आकड्यावर बसतं."