तांब्याभर पाणी

रेडिओ-दुरुस्तीवाल्या मित्रांनो, आपल्या हातोहात फिरणाऱ्या वहीत आज पाळी नसताना लिहितोय, कारण स्वतःचीच लाज वाटते आहे.

वडगाव रासाईच्या चावडीतला रेडिओ शिपाई आप्पा सांभाळतात. त्याची एक तार जमिनीत पुरलेली आहे. तिच्या बुडाशी आप्पा रोज पाणी घालत. मागच्या महिन्यात मी सगळ्यांसमोर हसलो होतो, "आप्पा, रेडिओची पूजा करता काय?"

आज निरोप आला, आवाज फार बारीक झालाय. गेलो आणि तीन तास रेडिओ खोलून बसलो. दोष काही सापडेना.

आप्पा हळूच म्हणाले, "तुमी हसला तवापासनं पाणी घातलं न्हाई. घालू का?"

तांब्याभर पाणी मुरलं आणि बातम्या खणखणीत ऐकू येऊ लागल्या.

माणसं जमली. कुणी म्हणालं, "सायबांनी दुरुस्त केला." आप्पाही म्हणाले, "व्हय, त्यांनीच." मी गप्प राहिलो आणि वर आप्पांचाच चहा पिऊन निघालो.

घरी येऊन रेडिओ-दुरुस्तीचं पुस्तक उघडलं. 'तारेभोवतीची जमीन ओली ठेवावी' या ओळीखाली माझ्याच पेन्सिलची रेघ आहे.

ती रेघ विसरलो हे एक वेळ चालेल, पण आप्पांचं श्रेय घेतलं हे नाही. चावडीत खरं सांगायला परत जायचंय. तुमच्यापैकी कुणी सोबत येता का?