चार मिलिमीटर जास्त

अभिमन नानांच्या पोटात दुखायला लागलं ते एका शिडावरून. त्यांच्या पत्नी उषाकाकूंना आधी वाटलं, भरीत बाधलं. दोन दिवस त्यांनी ओव्याचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी नाना जेवता जेवता एकदम म्हणाले, "त्या नासीरच्या शिडाला झोळ आहे, झोळ! आणि लोक म्हणतात वा वा." काकूंनी ओव्याचा डबा परत फळीवर ठेवून दिला. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

धुळ्याला नकाणे तलावावर हिवाळ्यात दर रविवारी सकाळी सात माणसं मीटरभर लांबीच्या शिडाच्या बोटींची शर्यत लावतात. बोटीला मोटर नाही, इंजिन नाही. काठावर उभं राहून रिमोटने दोनच गोष्टी करायच्या: सुकाणू वळवायचं, आणि शिडाची दोरी ओढायची किंवा सैल सोडायची. बाकी सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण खेळणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि हरल्यावर आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत.

हे खूळ धुळ्यात आणलं नानांनी. नाना पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक फिल्मवर शाईने उतरवायचा, हे त्यांचं काम. कालवा कुणाच्या शेतातून जाणार ते साहेब ठरवायचे, पण कागदावर तो जायचा नानांच्या हाताने. "अभिमनने काढलंय ना, मग परत मोजू नका," असं एक मोठे साहेब एकदा सगळ्यांसमोर बोलले होते. तीस वर्षं झाली त्याला. नाना अजून सांगतात, आणि दर वेळी साहेब थोडे अजून मोठे होतात.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला. नानांची पेनं खणातल्या खणात वाळली आणि शेवटची सहा वर्षं त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाल-नारळाबरोबर अडगळीत पडलेला फिल्मचा एक रोल मागून घेतला. कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. वर्षभराने मोबाइलवर त्यांना विलायतेतले म्हातारे तळ्याकाठी छोट्या बोटी चालवताना दिसले, आणि त्या बोटींची शिडं बघून नाना खाटेवरून उठलेच. शिडं त्यांच्या ऑफिसातल्या फिल्मची होती! दोन महिन्यांत त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांची बोट बांधली, तळाला शिशाचं वजन लावलं आणि तलावात सोडली. मग एकेक करत पाच जण गोळा झाले.

दर जानेवारीत निवडीची शर्यत होते. जिंकेल ती 'धुळ्याची बोट'. तिच्या शिडावर लाल रंगात 'धु' चिकटवतात आणि फेब्रुवारीत ती जळगावला मेहरूण तलावावर जळगावकरांशी भिडते. चार वर्षं तो 'धु' नानांच्या शिडावर होता. डोलकाठी काढून, बोट मांडीवर घेऊन ते एसटीत खिडकीशी बसायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "धुळ्याची बोट आहे." कुणी नाही विचारलं तरी वाटेतलं पारोळा येईपर्यंत सांगून झालेलं असायचं.

आणि मग नासीर आला. ऐंशी फुटी रोडला रिक्षांचे हूड शिवायचं त्याचं दुकान. नानांच्या शिडाचा कोपरा फाटला तेव्हा टाके घालायला नानाच त्याच्याकडे गेले होते. नासीरने शीड उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "नाना, हे सपाट कसं काय? वारा कुठं बसंल याच्यात?" नानांना गंमत वाटली. त्यांनी त्याला फिल्मचा एक तुकडा दिला आणि रविवारी तलावावर बोलावलं. स्वतःच्या हाताने दिला! ही गोष्ट आठवली की ते अजून कपाळावर हात मारतात.

नासीरने फायबरची बोट केली. शिडासाठी फिल्मच्या चार पट्ट्या कापल्या आणि कडांना किंचित बाक देऊन जोडल्या. शिडाला पोट आलं. नानांच्या लेखी रेघ एक तर सरळ असते, नाही तर चुकलेली. पहिल्या दिवशी ते मनसोक्त हसले. "हूडचा झोळ काढता काढता इकडे घातला का रे?" नासीरही हसला. मग वारा सुटला, ते पोट भरलं आणि त्याची बोट नानांच्या बोटीपुढून अशी गेली की नानांना तिचं नाव वाचायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर सलग नऊ रविवार नासीर पहिला आला. कौतिकभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, शर्यतीची शिट्टी वाजवायचे. ते दर वेळी मोठ्याने म्हणायचे, "दखा, दखा! पानीवर चालस का उडस?" पूर्वी हेच ते नानांच्या बोटीबद्दल म्हणायचे, अगदी याच शब्दांत. नाना रोज एकवीरा देवीला जाऊ लागले. स्वतःच्या बोटीसाठी त्यांनी काही मागितलं नाही. नासीरच्या बोटीच्या तळाला शेवाळ अडकू दे, एवढंच मागणं होतं. घरी त्यांनी लपूनछपून तसं पोटाचं शीड करून पाहिलं. तीन वेळा केलं. हात सरळच कापायचा.

नासीर माजला असता तर बरं झालं असतं. तो प्रत्येक शर्यतीनंतर नानांसाठी चहा आणायचा आणि "नाना, कुठं चुकलं ते सांगा" म्हणून शेजारी बसायचा. त्या चहाने नाना जास्तच जळायचे.

निवडीच्या रविवारी सकाळी सातही बोटी टेबलावर मांडल्या होत्या. शर्यतीआधी प्रत्येक बोट मोजायची. लांबी हजार मिलिमीटरपर्यंत चालते, वर एकही नाही. मोजणार अर्थात नाना. दोन्ही टोकांना काटकोनी गुण्या उभ्या लावून ते स्टीलची लांब पट्टी धरायचे, आकडा सांगायचे आणि कौतिकभाऊ वहीत लिहायचे. नानांचा आकडा कुणी कधी परत पाहिला नव्हता.

शेवटी नासीरची बोट आली. नऊशे अठ्ठ्याण्णव. नानांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नऊशे अठ्ठ्याण्णवच.

"कितली, नाना?" कौतिकभाऊंनी विचारलं.

"हजार चार," नाना म्हणाले.

हे आपल्याच तोंडून आलं हे कळायला त्यांना एक क्षण लागला. परत घ्यायला वेळ होता. कौतिकभाऊंनी वाटही करून दिली होती. "जाऊ द्या ना नाना, चार मिलीनं काय व्हस?"

"नियम तो नियम," नाना म्हणाले.

"बरोबर शे," हे नासीर म्हणाला. "नानानी सांगं म्हंजे जास्तीच शे. कापी टाकू."

नाकावरचं रबर कापता येत नाही, ते नसलं तर धडकेत समोरच्या बोटीला भोक पडतं. म्हणजे मागूनच कापायचं. नासीरने करवतीचं पातं काढलं, कौतिकभाऊंनी बोट धरली आणि करकर आवाज सुरू झाला. नाना पाठ करून रिमोटची बॅटरी तपासत होते. ती त्यांनी सकाळपासून तीनदा तपासली होती. उघड्या पडलेल्या मागच्या तोंडावर नासीरने प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घाईघाईत चिकटवला. शिट्टी झाली तेव्हा गोंद ओलाच होता.

पहिल्या फेरीत नासीरच पुढे होता. दुसऱ्या फेरीत त्याच्या बोटीची मागची बाजू खाली बसायला लागली. तिसऱ्या फेरीत ती दमलेल्या म्हशीसारखी कशीबशी काठाला आली आणि नासीरने तिला उलटी केली तेव्हा तांब्याभर पाणी निघालं. नाना जिंकले. नासीरने हात पुसून त्यांना मिठी मारली. "मुबारक हो, नाना! जळगाववाल्यांना दाखवा आता."

काकूंनी शिरा केला. नानांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि शिडावरचा 'धु' ओल्या कपड्याने पुसून ठेवला. तरी पोटातलं दुखणं होतं तिथेच होतं. घरी निघताना काठावरच्या लोकांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. सगळे नासीरच्या पहिल्या फेरीबद्दलच बोलत होते. एवढं करूनसुद्धा!

बुधवारी दुपारी नासीरचा फोन आला. "नाना, जरा दुकानवर या ना. तुम्हनी स्टीलनी पट्टी बी लई या."

कळलं वाटतं याला, असं म्हणत ते गेले. दुकानासमोर एक रिक्षा उघडीबोडकी उभी होती. तिचा हूड उतरवून जमिनीवर पसरलेला होता, आणि शेजारी रिक्षावाला वैतागून उभा होता.

"यान्हा हूड मोजी द्या नाना," नासीर म्हणाला. मशिनवर त्याची शिवणाची कापडी टेप पडली होती. ती त्याने दोन बोटांत उचलून दाखवली. "ही ताणाईसन लांबी जायेल शे. मी घर बोट मोजी व्हती, तव्हय नऊशे अठ्ठ्याण्णव भरनी. तुम्ही हजार चार सांगं. म्हंजे सहा मिली खोटी. मीटरमा सहा, मंग पुऱ्या हूडमा कितली जाई? ह्याच टेपवर मी वरीसभर हूड काप्या. बठ्ठा रिक्षावालासले बलाई बलाई नवा हूड करी दिसू."

"हूड चांगला शे भो," रिक्षावाला कळवळून म्हणाला. "माले काय तरास नही. मन्हा धंदा बुडस."

"तुले काय समजस? नाना मोजतीन."

नाना हूडपाशी उकिडवे बसले. पट्टी लावली. एक बाजू बरोबर होती. दुसरी बाजू बरोबर होती. शिवण शिवणीला मिळालेली, एक रेघ इकडची तिकडे नव्हती. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता हा माणूस वर्षभराची रिक्षा-गिऱ्हाइकं परत बोलावत होता. नानांना मोठ्या साहेबांचं ते वाक्य आठवलं आणि पहिल्यांदाच त्याची लाज वाटली.

ऑफिसात तेहतीस वर्षं नाना शुद्ध बोलले होते. आता तोंडाला आली ती घरची बोली. "तुन्ही टेप बरोबर शे, नासीर. खोटं मी बोलनू."

नासीरला कळलं नाही. नानांनी पुन्हा सांगितलं. बोट नऊशे अठ्ठ्याण्णवच होती.

"कसाले?" नासीरने विचारलं.

"जळनू मी. तुन्ही बोट दखीसन जळनू. दुसरं काय?"

नासीरने हातातली टेप एकदा बघितली. मग रिक्षावाल्याकडे वळला. "चाल, हूड बठाडी देस तुले. बरोबर शे तो." टेप त्याने गळ्यात घातली आणि कामाला लागला. त्या दिवशी नानांना चहा विचारला नाही.

पुढच्या रविवारी सगळे जमले तेव्हा नानांनी शिडावरचा 'धु' सोलून काढला आणि टेबलावर ठेवला. "मागची शर्यत धरू नका. नासीरचं माप मी खोटं सांगितलं. आज परत लावा," ते म्हणाले. कौतिकभाऊंच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. नासीरची बोट मागून नीट, पक्की बंद करून आणलेली होती. एवढ्या गोष्टी झाल्या तरी बोटी तर मोजायलाच हव्या होत्या, म्हणून नानांनी सवयीने पिशवीतून पट्टी काढली.

नासीरने गळ्यातली टेप काढली. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. "तिकडलं टोक धरा, नाना," तो म्हणाला. "आकडा मी वाचसू."

ऑफिसात टोक धरायचं काम शिपायाचं असायचं. नाना वाकले आणि टेपचं टोक बोटीच्या नाकाला अंगठ्याने दाबून धरलं.

"नऊशे त्र्याण्णव," नासीर म्हणाला. कौतिकभाऊंनी लिहून घेतलं, आणि बरोबर की चूक म्हणून कुणी नानांकडे बघितलं नाही.