हलत्या चित्रांचे आमचे बापूसाहेब

बापूसाहेब वेलणकरांची आणि माझी पहिली गाठ पडली, तेव्हा माझी मान त्यांनी एका लोखंडी चिमट्यात बसवलेली होती. गिरगावातला त्यांचा फोटोचा कारखाना आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुलीच्या लग्नानिमित्त आम्ही तेथे गेलो होतो. फोटो निघेपर्यंत माणूस हलू नये म्हणून तो चिमटा मानेमागे लावीत. मला धास्ती अशी, की ऐन वेळी माझी पापणी मिटणार आणि व्याह्यांकडे मी जन्मभर आंधळा दिसणार. ती धास्ती मी पुन्हा पुन्हा बोलून दाखवली. शेवटी बापूसाहेब काळ्या कापडाखालून म्हणाले, "महादेवराव, पापणी मिटली तर मिटू द्या. आधी तोंड मिटा. आता हलू नका."

फोटो चांगला आला. तेव्हापासून मी काही ना काही निमित्त काढून तेथे जाऊन बसू लागलो, आणि बापूसाहेबांनी मला कधी उठवले नाही.

मी मराठी तीन इयत्ता शिकलेला. कुलाब्याच्या कापसाच्या कोठारात गासड्या मोजण्यात माझा जन्म गेला. वयाने मी बापूसाहेबांहून थोडा वडील, पण शिष्य त्यांचाच. त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे मंडळींनी हे पुस्तक काढायचे ठरवले आणि मलाही लिहायला सांगितले, तेव्हापासून मला धड झोप नाही. शुद्धलेखन कोणी तरी पाहून घ्यावे.

कोटात, म्हणजे फोर्टात, हलत्या चित्रांचा पहिला खेळ आला तेव्हा आम्ही दोघे बरोबर गेलो होतो. पडद्यावर समुद्राच्या लाटा उसळल्या. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी पाय वर घेतले. मीही घेतले. बापूसाहेब मात्र पडद्याकडे पाठ करून यंत्राकडे पाहत उभे होते. खेळ दाखवणाऱ्या साहेबाने त्यांना दोनदा खाली बसवले, तरी ते पुन्हा उठले. परतताना मी विचारले, "लाटा कशा वाटल्या?" ते म्हणाले, "लाटा काय, चौपाटीला रोज असतात. तो दांडा कसा फिरवतो ते पाहिलंत का?"

पुढे त्यांनी विलायतेहून तसेच यंत्र मागवले. एकाच पेटीने चित्र घ्यायचे आणि तिनेच दाखवायचे. शिकवायला कोणी नव्हते. दांडा सारख्या वेगाने फिरला नाही तर माणसे कधी धावतात, कधी लंगडतात. यावर बापूसाहेबांनी तोड काढली ती भजनाच्या ठेक्याची. तोंडाने ठेका धरून हात फिरवायचा. मला त्यांनी रिकाम्या पेटीवर महिनाभर असे बसवले. आमच्या वाडीत सगळ्यांना वाटले, म्हाताऱ्याला भक्तीचा नवा नाद लागला.

आता त्यांच्या ज्या उपकारासाठी मी हे लिहायला धजलो, तो सांगतो.

माझी थोरली बहीण आक्का. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले. पुढे विधवा होऊन ती माझ्याकडेच राहिली. मागच्या साली तिने काशीवासाला जायचे ठरवले. काशीवास म्हणजे तेथेच देह ठेवायचा, परत यायचे नाही. मी पुष्कळ आडवा आलो. ती म्हणाली, "म्हादू, तुला सांभाळून झालं माझं. आता मला सोड." तेव्हा मनात एकच आले, की जाण्यापूर्वी आक्का चालती-बोलती एकदा हलत्या चित्रांच्या फितीवर यावी. घरातला तिचा फोटो तसा चांगला आहे. पण आक्का कधी अशी गप्प बसलेली मी पाहिलेली नाही.

बापूसाहेबांजवळ त्या वेळी दोनच कोऱ्या फिती होत्या. त्यांतली एक वरळीच्या कोळ्यांसाठी राखलेली होती. होड्या समुद्रात लोटताना त्यांचे चित्र घ्यायचे, असे त्यांनी कोळीवाड्याला सांगून ठेवले होते. दुसरी त्यांनी काही न विचारता आक्कासाठी दिली.

रविवारी सकाळी पेटी आमच्या वाडीत आली. आक्का तुळशीपाशी उभी, शेजारी मी, मागे बिऱ्हाडांतल्या बायका. बापूसाहेबांनी पेटीतून पाहिले, हात दांड्यावर ठेवला आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "आता हलू नका."

आम्ही कोणीही हललो नाही. फीत संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही.

फीत धुऊन, वाळवून मंगळवारी त्यांनी चादरीवर दाखवली. आम्ही सगळे खांबासारखे उभे. तुळशीची पाने तेवढी हलत होती आणि एक कावळा इकडून तिकडे गेला. बापूसाहेबांनी दांडा सोडला. मग हसत म्हणाले, "महादेवराव, यंत्र नवं घेतलं, जीभ जुनीच राहिली." मला हसू आले नाही. आक्काची गाडी गुरुवारची होती. माझे तोंड पाहून त्यांनी हसणे आवरले आणि कपाटातून वरळीची फीत काढली. मी नको म्हणालो, पण तेवढ्या जोराने म्हणालो नाही.

बुधवारी त्यांनी आक्काला ओट्यावर बसवून तिच्या हातात तांदूळ निवडायला सूप दिले. "हाताला काम असलं की माणूस पेटी विसरतो," असे मला हळूच म्हणाले. स्वतः काही बोलायचे नाही म्हणून तोंडात सुपारी धरली. दांडा फिरू लागला. आक्का खाली मान घालून खडे वेचू लागली, पण तेही कसे, देवळातल्या मूर्तीने वेचावेत तसे. मला राहवेना. मी पुढे होऊन म्हणालो, "आक्का, हल की गं जरा. फीत चालली."

झाले. आक्काने सूप खाली ठेवले. "हलू काय नुसती? रविवारी म्हणालात हलू नको, आज म्हणता हल. आणि तू मध्ये कशाला कडमडतोस? त्यांचा उजेड अडतो ना. पागोटं बघ कुठं चाललंय ते." असे म्हणत उठली, माझे पागोटे दोन्ही हातांनी सरळ केले आणि मला दंडाला धरून बाजूला सारले. बापूसाहेबांचा हात थांबला नाही. मी उजेडात आलो असताही त्यांनी मला हटकले नव्हते. फीत संपल्यावर म्हणाले, "तुम्ही मध्ये आलात म्हणून चित्र झालं. काढायला हवं ते हेच. राजेरजवाड्यांच्या मिरवणुका दुसरे काढतील."

वरळीला काय सांगायचे, या काळजीने मीही त्यांच्याबरोबर गेलो. कोळणी नवी लुगडी नेसून किनाऱ्यावर उभ्या होत्या. बापूसाहेबांनी हात जोडून खरे ते सांगितले. त्यांच्यातली चंद्राबाय नावाची म्हातारी म्हणाली, "बहीन यांची, फीत तुमची, न् आमी उन्हात उभ्या?" मग तिनेच विचारले, "गेली का ती काशीला?" मी मानेनेच हो म्हटले. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. होऱ्या काय, दर साल जातान." पुढच्या बोटीने फिती आल्या तेव्हा बापूसाहेब सर्वांत आधी वरळीला गेले आणि चित्र घेऊन, फीत धुऊन झाल्यावर ते तेथेच, होडीच्या शिडावर दाखवून आले.

आक्काने आपले चित्र पाहिले नाही. फीत वाळण्यापूर्वी ती काशीला निघून गेली.

गेल्या भाऊबीजेला दुपारी बापूसाहेबांचे बोलावणे आले. खिडक्या लावलेल्या, चादर टांगलेली. "बसा," एवढेच म्हणाले. चादरीवर आक्का उठली, तिने माझे पागोटे सरळ केले, मला दंडाला धरले. आवाज नव्हता, पण मला एकेक शब्द ऐकू येत होता. तेव्हा ध्यानात आले, की ती नेहमीपेक्षा सावकाश चालते आहे. मी वळून पाहिले. बापूसाहेब दांडा हळूहळू फिरवीत होते. हात संथ झाला की दिव्याच्या आचेने फीत पेटते, हे त्यांनीच मला शिकवलेले. तरी "जलद फिरवा" असे माझ्याने म्हणवेना. त्यामुळे आक्का माझ्यापाशी थोडी अधिक थांबली.

परमेश्वराने बापूसाहेबांना उदंड आयुष्य द्यावे, डोळे शाबूत ठेवावेत आणि त्यांच्या उजव्या हातात पुष्कळ वर्षे बळ ठेवावे. आक्का घरी येते ती त्या हाताने.